कच्च्या पाण्याचा मीटर

मी पाण्याचा मीटर. कालव्याच्या काठावर, लोखंडी पाइपाच्या मानेवर बसलेला. माझं झाकण उघडताना माणसं आधी कपाळाला आठी घालतात आणि मग आत डोकावतात. आज मला बोलायचंय. फार दिवस मनात साचलंय, आणि साचलेलं वाहून गेलेलं बरं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

एकच अट आहे. मध्येच मला "आणि तो दुसरा कसा होता?" असं विचारायचं नाही. त्याच्याबद्दल सांगायचं ते मी माझ्या वेळेनं सांगेन.

माझा जन्म एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये झाला. बायका ओळीनं बसलेल्या असायच्या. एक आमच्या पोटात पंखा बसवायची, दुसरी त्याच्यावर दातेरी चाकं जुळवायची, तिसरी आकड्यांची तबकडी लावायची. हात चालू आणि तोंडंही चालू. कुणाच्या नणंदेचं लग्न मोडलं, कुणाच्या घरमालकानं भाडं वाढवलं, सगळं आमच्या पोटात भरलं जायचं. मग आम्हाला जोडीजोडीनं खोक्यात ठेवलं. माझ्या खोक्यात माझ्या शेजारी तो होता. एकाच साच्यातला, एकाच दिवसाचा. जुळा भाऊच म्हणा.

खोकं उघडलं तेव्हा मजुराचा हात आधी त्याच्यावर पडला. बस, एवढंच झालं. पण जगात ज्याला आधी उचलतात तो थोरला होतो आणि मागे राहतो तो धाकटा.

आम्हाला कालव्यावर आणलं ती एक पाणीकंपनी होती. धरण तिच्या ताब्यात, कालवे तिच्या ताब्यात. शेताला लागणारं पाणी ती घाऊक विकायची आणि बागायतदार ते विकत घ्यायचे. पण मनाला येईल तो भाव लावायची तिला सोय नव्हती. त्यासाठी एक दरमंडळ होतं. दर काही वर्षांनी ते बसायचं, कंपनीचा खर्च तपासायचं, लोकांचं ऐकायचं आणि पाण्याचा दर ठरवायचं. आम्ही येण्याआधी जमीन बघून पाणीपट्टी लागायची. आम्ही आलो आणि थेंब न् थेंब मोजला जाऊ लागला. मोजणारा कुणालाच आवडत नाही. स्वयंपाकघरात पोळ्या मोजणारी सासू आवडते का कुणाला?

कालव्याला तिथं शेतात पाणी सोडायची दोन दारं होती, अगदी हाकेच्या अंतरावर. वरचं दार थोरल्या बहिणीचं, खालचं धाकट्या बहिणीचं. वडिलांची जमीन दोघींत वाटली गेली होती. थोरलीला उताराची जमीन मिळाली होती, तिथं तिची संत्र्यांची बाग होती. ती एकटीच बाग सांभाळायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटीकडे खालची सपाट जमीन. ती हंगाम बघून मका, कांदा, टोमॅटो घ्यायची. तिचा नवरा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. स्वभावानं गरीब, पण तोंडानं मिस्कील.

माझ्या जुळ्याला थोरलीच्या दारावर बसवलं. मला धाकटीच्या.

मीटर वाचायला येणारे एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना आकडेमामा म्हणायचे. पहिल्याच फेरीत त्यांनी आमची नावं ठेवली. तो "थोरला", मी "धाकटा". मी एका दिवसानंही लहान नव्हतो हो! पण माझं कोण ऐकतंय?

त्याच्या डोक्यावर संत्र्याच्या झाडाची सावली होती. माझ्या डोक्यावर ऊन. त्याच्या झाकणावर पांढरी फुलं गळायची, माझ्यावर टोमॅटोच्या फवारणीचे शिंतोडे उडायचे. हेही मी सोसलं असतं. पण तो फिरायचा. बारा महिने फिरायचा. वरून पाण्याचा आवाज आला की मला कळायचं, थोरल्याच्या पोटात पंखा भिरभिरतोय. आणि मीटरचं जगणं म्हणजे फिरणंच. बाकी आमच्याकडे दुसरं आहे काय?

याचं कारण असं. पाण्याचे दोन हक्क होते. लोक त्यांना पक्कं पाणी आणि कच्चं पाणी म्हणायचे. पक्कं म्हणजे धरणात कितीही कमी साठा असो, आधी त्यांना. कच्चं म्हणजे उरलं तर मिळणार, नाहीतर नाही. थोरलीचं पाणी पक्कं होतं, धाकटीचं कच्चं. म्हणजे थोरला पक्क्या पाण्याचा मीटर आणि मी कच्च्या पाण्याचा. आडनावासारखं चिकटलं ते मला.

चांगल्या पावसाच्या वर्षांत फारसं जाणवायचं नाही. मीही फिरायचो. धाकटी झाकण उघडून म्हणायची, "फिरतोय बाई!" तेवढ्यावर मी खूश. पण मग धरण आटत गेलं. एका वर्षी कंपनीनं जाहीर केलं की यंदा कच्च्याला पाणी नाही.

तो हंगाम मी विसरणार नाही. माझ्या समोरून कालवा वाहत होता. पातळ का होईना, पण वाहत होता. माझं दार बंद. वरून मात्र खळखळ ऐकू यायची. माझ्या पोटात थेंब नव्हता, पण आग अशी होती की तबकडी वितळली असती. कोळ्यानं माझ्या काचेवर जाळं विणलं. कोळ्यालाही कळलं होतं की हा काही हलायचा नाही.

धाकटीही रोज काठावर यायची. पडीक शेताकडे पाठ करून माझ्या खांबाला टेकून बसायची आणि वरच्या हिरव्यागार बागेकडे बघत राहायची. आम्ही दोघं एकाच दिशेला बघायचो. तिच्याइतकं जवळचं मला कुणी वाटलं नाही. जळणाऱ्याला जळणाराच ओळखतो.

एका सकाळी थोरली टोपलीभर संत्री घेऊन आली. धाकटी तिथं नव्हती. तिनं टोपली माझ्या झाकणावर ठेवली आणि गेली. जरा वेळानं धाकटी आली. टोपली बघून आधी तोंड फिरवलं. मग बसली. मग एक संत्रं उचललं, नखानं टरकन सोललं आणि रागारागानं खाल्लं.

"गोड आहेत मेली," ती म्हणाली आणि दुसरं उचललं.

पाणी मिळालं नाही, तरी धाकटीला पैसे भरावेच लागले. पाण्याचं बिल दोन तुकड्यांत यायचं. एक तुकडा घेतलेल्या पाण्याचा, तो माझ्या आकड्यावरून. दुसरा ठरावीक आकार, पाणी घ्या की नका घेऊ. धरणाची डागडुजी, दारांना वंगण, राखणदारांचे पगार, हे सगळं पाणी नसतानाही चालूच राहतं, असं कंपनीचं म्हणणं. आणि हा ठरावीक आकार पक्क्याला आणि कच्च्याला सारखाच होता.

"लग्नात जेवायला बोलावलं नाही, पण आहेर मात्र द्या म्हणतात," धाकटीचा नवरा म्हणाला.

धाकटी हसली नाही. तिच्या मनात काहीतरी शिजत होतं.

पुढे दरमंडळाची वेळ आली. नवे दर ठरवण्याआधी मंडळाची माणसं कालव्याची पाहणी करायला येणार, लोकांशी काठावरच बोलणार, असं आकडेमामांनी सांगितलं. धाकटीनं त्या दिवशी सकाळीच माझ्यावरचं जाळं झाडायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. जाळं तिला हवं होतं.

मंडळाच्या अध्यक्षबाई आल्या. पायांत साधे बूट, डोक्यावर टोपी. सोबत दोन सदस्य आणि कंपनीचा इंजिनिअर. बागायतदारांचा घोळका जमला. थोरली घोळक्याच्या टोकाला उभी होती. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मोकळेपणानं बोला. आम्ही ऐकायलाच आलोय."

धाकटीनं सरळ माझं झाकण उघडलं.

"हा बघा माझा मीटर. कोळ्यानं घर केलंय त्यात. सबंध हंगाम एवढासासुद्धा हलला नाही, पण ठरावीक आकार मी पूर्ण भरला. तो वरचा मीटर बघा, भिरभिर फिरतोय. त्यालाही आकार तेवढाच. हा कुठला न्याय?"

माझ्यासाठी इतकं कुणी कधी बोललं नव्हतं. मी तर फुलून गेलो.

इंजिनिअर म्हणाला, "पण बाई, धरण सगळ्यांसाठीच आहे."

"सगळ्यांसाठी? दुष्काळात देता यावं म्हणून तुम्ही धरणात पाणी राखून ठेवता ना? ते कुणासाठी राखता? पक्क्यासाठीच ना? मग राखणीचा खर्च पक्क्यांनी जास्त द्यायला नको?"

घोळक्यात कुजबुज झाली. कच्च्या पाण्याचे लोक माना डोलवू लागले. अध्यक्षबाई थोरलीकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

थोरली पुढे आली. "पाणी नसलं तर हिचं शेत एक वर्ष पडीक राहतं. पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येतं. माझं झाड एकदा वाळलं की वाळलं. नवं लावून फळ धरायला किती वर्षं जातात, हिला माहीत आहे. मला पाणी टाळता येत नाही. मग ज्याला टाळता येत नाही त्याच्याच मानेवर ओझं टाकायचं का?"

"तुझ्या मानेवर कुठलं ओझं?" धाकटी म्हणाली. "तुझं सगळं हिरवं आहे, ताई."

"सरळ सांग ना, माझी बाग तुझ्या डोळ्यांत खुपते."

"हो, खुपते! बाबांनी तुला पक्कं पाणी दिलं आणि मला कच्चं. का? मी काय रस्त्यावरून उचलून आणलेली होते?"

कंपनीचा इंजिनिअर बुटांकडे बघू लागला. मी वाट बघत होतो की आता थोरली काय उत्तर देते. मलाही तेच विचारायचं होतं, आयुष्यभर.

"बाबांनी दिलं नाही, छोटे," थोरली म्हणाली. "तू निवडलंस. वाटणीला बसलो तेव्हा बाबा म्हणाले, आधी धाकटीला मागू दे. तू काळी सपाट जमीन मागितलीस. तेव्हा धरण तुडुंब होतं, पक्कं काय नि कच्चं काय, कुणी विचारत नव्हतं. मला खडकाळ उतार राहिला. झाडांशिवाय तिथं काही उगवत नव्हतं, म्हणून पक्का हक्क त्या जमिनीला जोडलेला होता. मी तेव्हा घरी जाऊन रडले होते. तुझी जमीन बघून."

धाकटीनं माझं झाकण लावलं, जरा जोरातच.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "वाटणी आमच्या अखत्यारीत येत नाही. दर येतो. तुम्ही दोघींनी मांडलंत ते दोन्ही मुद्दे आम्ही लक्षात घेऊ." निघताना त्या सहज म्हणाल्या, "पण एवढ्या जवळजवळ दोन दारं कशाला?"

धाकटीचा नवरा म्हणाला, "मी म्हणालो होतो एकच ठेवा. पण दोघींना एकमेकींचं पाणी बघायचं नव्हतं, फक्त मोजायचं होतं."

त्या दिवसापासून बहिणी बोलेनाशा झाल्या. थोरली काठावरून जायची, पण आमच्या दाराकडे बघायची नाही.

मग निकाल लागला. आकडेमामांनी तो माझ्याजवळ उभं राहूनच धाकटीला सांगितला. पक्क्या हक्काचा ठरावीक आकार वाढला होता, पण एकदम नाही, दर वर्षी थोडा थोडा. कच्च्याचा उतरला होता. घेतलेल्या पाण्याचा दर मात्र सगळ्यांनाच जरा चढला होता. आणि एक नवी गोष्ट होती. प्रत्येक दाराचा वेगळा आकार. दार म्हटलं की मीटर आला, वाचणं आलं, दुरुस्ती आली. शेजाऱ्यांना हवं तर दोघांत एक दार ठेवता येणार होतं, पाळी लावून पाणी घ्यायचं.

"म्हणजे तुम्ही जिंकलात, ताई," आकडेमामा म्हणाले.

धाकटीनं "हं" केलं. मला वाटलं होतं ती नाचेल. मी मात्र आतल्या आत नाचत होतो. भर आता थोरल्या, भर! अशा माझ्या मनातल्या गोष्टी. सांगायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. मला पाणी मिळालं, मी फिरलो. पण धाकटी झाकण उघडायची तेव्हा तिची नजर माझ्यावर नसायची. ती वर बघायची. थोरलीनं उताराच्या माथ्यावरची जुनी झाडं काढून टाकली होती. वाढलेला आकार भरून वर तेवढ्या झाडांना पाणी घेणं परवडत नव्हतं. हिरव्या बागेला वर टक्कल पडलं होतं.

"दिसायला कसंतरीच दिसतं," धाकटी नवऱ्याला म्हणाली.

"तुला बाग खुपत होती ना?"

"आता टक्कल खुपतं. तुम्हाला काय करायचंय?"

मग एका दुपारी थोरली आपणहून आमच्या दाराशी आली. धाकटी बांधावर पाइप जोडत होती. थोरली बसली नाही, उभ्याउभ्याच बोलली.

"वेगळ्या दाराचा आकार भरायची माझी ऐपत आहे. पण शहाणपण गहाण ठेवायची हौस नाही. एकच दार ठेवू या."

धाकटीनं वर न बघताच विचारलं, "कुणाचं?"

"माझं. ते वर आहे. पाणी उतारानं खाली येतं, वर चढत नाही."

"तुझंच नेहमी वर!"

"मग तू पाण्याला समजाव, मी थांबते."

धाकटीला हसू आलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, पण नाकातून फुटलंच. थोरलीही हसली. दोघी हसल्या, आणि इकडे मी हिशोब मांडू लागलो. दार एकच राहणार. म्हणजे मीटरही एकच. दार त्याचं, म्हणजे मीटरही त्याचाच. माझी रवानगी भंगारात. सगळी सावली, सगळं पाणी, दोन्ही बहिणी त्याच्याच वाट्याला! जळून जळून मी लाल व्हायचा बाकी होतो.

पण नियम असा होता की दार एक करताना मीटर तपासून घ्यायचे. कंपनीचा तपासनीस आला. त्यानं आम्हा दोघांना दारांवरून उतरवलं आणि एकाच लांब पाइपात मागे-पुढे बसवलं. खोक्यातून निघाल्यापासून पहिल्यांदाच आम्ही इतके जवळ आलो. मग त्यानं पाणी सोडलं. तेच पाणी आधी त्याच्यातून गेलं आणि मग माझ्यात शिरलं.

मला लगेच कळलं. त्याचा पंखा घरघरत होता. धाप लागलेल्या माणसासारखा. मी सरळ फिरत होतो आणि तो मागे पडत होता. आत आलं तेवढं पाणी त्याला मोजताच येत नव्हतं.

तपासनीसानं मान हलवली. "याच्या पंख्याचा आस झिजलाय. कमी दाखवतोय. बारा महिने फिरला ना! हा खालचा मात्र नव्यासारखा आहे. बसून होता म्हणून टिकला."

ज्या फिरण्यावर मी आयुष्यभर जळलो, त्या फिरण्यानंच तो झिजला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याची घरघर ऐकून तो ओसरला.

थोरलीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी कमी पैसे भरत होते? मला खरंच माहीत नव्हतं हो."

घोळका नव्हता, पण चार माणसं होती. धाकटीला हवी तशी संधी होती. पण ती म्हणाली, "मीटर म्हातारा झाला, त्यात तुझा काय दोष? साहेब, माझा मीटर तिच्या दारावर लावा."

फरक किती आणि तो कसा भरायचा ते थोरलीनं कंपनीत जाऊन मिटवलं. त्यात मला लक्ष घालायचं कारण नाही. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की मला उचललं, तेही आधी, आणि वरच्या दारावर बसवलं.

आता मी तिथंच आहे. डोक्यावर संत्र्याची सावली आहे. पक्कं पाणी माझ्यातून जातं आणि कच्चंही. पाळी बदलताना दोघी बहिणी येतात, माझं झाकण उघडतात, दोघी एकदम वाकतात आणि त्यांची डोकी एकमेकींवर आपटतात. "आधी मी वाचते." "तू चष्मा विसरलीस." "तुझ्या पाळीला पाण्याला जोर जास्त असतो, ताई." "आणि तुझा कांदा माझ्यापेक्षा मोठा, ते नाही सांगत!" असं बराच वेळ चालतं. पुढल्या दर ठरवण्याच्या वेळी मंडळापुढे काय बोलायचं यावरही त्या आतापासून भांडतात.

माझ्या मनासारखं सगळं झालं. आता मला कसला हेवा? असं तुम्हाला वाटेल.

त्याला थोरलीनं भंगारात जाऊ दिलं नाही. कंपनीकडून मागून घेतलं आणि घरी नेलं. आकडेमामा सांगत होते, तिच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटतं, त्याला टेकू म्हणून तो लावून ठेवलाय. येताजाता तिचा पाय लागतो तर ती "अरे, सॉरी" म्हणते. तो आता तिथंच बसून असतो. कुणी त्याचा आकडा वाचत नाही. कुणी त्याच्याकडे बघून कपाळाला आठी घालत नाही. दुपारी दोघी बहिणी चहा घेतात, तेव्हा सगळं बोलणं त्याच्यासमोर होतं. काठावर भांडणं, आणि घरात गप्पा. मला भांडणं, त्याला गप्पा!

तर मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. पाण्याचा दर चढो की उतरो, ते तुम्ही आणि तुमचं मंडळ बघून घ्या. आम्हाला मोजायला ठेवलंत, आम्ही मोजू. पण कधी त्या घरावरून गेलात, तर त्या स्वयंपाकघरात डोकावा. त्याला सांगा की सकाळी पाण्याचा जोर भारी असतो, आणि पंखा असा हलका फिरतो की जणू पाण्याशिवायच फिरतोय. हे दुसऱ्या कुणाला सांगून काय कळणार?

नाही, नको. सांगू नका. उगाच त्याला हेवा वाटायचा.

का नको? सांगाच. थोडा त्यालाही वाटू दे.